मोकळ्या श्रमाला परीक्षा, बांधलेल्या श्रमाला दार : स्वतंत्र सल्लागाराच्या व्हिसाचा इतिहास

१९१७ साली बाबासाहेब कोलंबियातले शिक्षण पूर्ण करून, पण लंडनमधला अभ्यास अर्धवट सोडून मुंबईला परतले. शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. बडोद्याच्या नोकरीत त्यांना कशी वागणूक मिळाली ते आपल्याला पाठ आहे. त्यानंतर घर चालवण्यासाठी त्यांनी जे उद्योग केले, त्यातला एक मात्र आपल्या भाषणांत फारसा येत नाही. शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्यासाठी त्यांनी एक कंपनी काढली होती. सुरुवातीला ग्राहक येऊ लागले. पण सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळले आणि ग्राहक यायचे थांबले. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात ही हकिकत नोंदलेली आहे.

आजच्या भाषेत सांगायचे तर बाबासाहेब तेव्हा स्वतंत्र सल्लागार होते. ज्ञान होते, पदवी होती, बाजाराला त्या ज्ञानाची गरज होती. नव्हती ती फक्त जात.

आता दुसरे उदाहरण पाहा. १८९३ साली मोहनदास गांधी नावाचा वकिलीत जम न बसलेला तरुण दक्षिण आफ्रिकेला गेला. दादा अब्दुल्ला या पोरबंदरच्या मेमन व्यापाऱ्याच्या पेढीला एका दाव्यात मदत हवी होती. पेढीने गांधींच्या भावाला पत्र लिहिले. १०५ पौंड, पहिल्या वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे आणि राहण्याजेवण्याचा खर्च, एवढ्यावर वर्षभराचे काम ठरले. दुसऱ्या देशातल्या ग्राहकाला सल्ला देण्यासाठी समुद्र ओलांडणारा हा सल्लागारच होता. त्याला ग्राहक कुठून मिळाला? जाहिरातीतून नाही, परीक्षेतून नाही. गावातल्या ओळखीतून, भावाच्या ओळखीतून, व्यापारी जातींच्या जाळ्यातून मिळाला.

ही तुलना कोणाची थोरवी मोजण्यासाठी केलेली नाही. आपल्या समाजातले शेकडो तरुण आज लॅपटॉपवर परदेशी ग्राहकांची कामे करतात. कोणी सॉफ्टवेअर लिहितो, कोणी डिझाइन करते, कोणी हिशेब ठेवतो, कोणी संशोधन अहवाल तयार करते. त्यांचा प्रश्न साधा असतो : कोणत्याही कंपनीची नोकरी न धरता, स्वतःच्या जोरावर, मला त्या देशात जाऊन काम करता येईल का? उत्तर आहे, काही देशांत येईल. पण ही दारे इतकी अरुंद का आहेत आणि त्यांच्यावर कोणते कुलूप आहे, हे इतिहासाशिवाय समजत नाही.

इतिहास असे सांगतो : गेल्या १९० वर्षांत आपल्या देशातला माणूस मालकाला बांधलेला असेल तर सीमा त्याला आत घेत आली आहे. तो मोकळा असेल तर मात्र सीमा त्याची परीक्षा घेते. आणि त्या परीक्षेत जे गुण मागितले जातात, ते भारतात जातीने वाटलेले आहेत.

गिरमिट : बांधलेल्याला आत या

१८३४ पासून भारतीय मजूर गिरमिटाने मॉरिशसला जाऊ लागले. मुंबईच्या बंदरातूनही माणसे गेली. मॉरिशसमध्ये आजही जो मराठी भाषक समाज आहे त्याचे मूळ तिथे आहे. नाताळमध्ये पहिले जहाज १८६० साली पोहोचले. तिथला करार पाच वर्षांचा असे. मालक बदलण्याची मुभा नाही, परवानगीशिवाय मळा सोडणे हा फौजदारी गुन्हा, आणि पहिल्या वर्षीचा पगार महिन्याला १० शिलिंग.

या माणसाला सीमेवर कोणी पदवी विचारली नाही. बँकेत शिल्लक किती हे विचारले नाही. इंग्रजी येते का, हेही विचारले नाही. तो बांधलेला होता, एवढी एकच पात्रता पुरेशी होती.

प्रश्न उभा राहिला तो करार संपल्यावर. पाच वर्षे भरलेला माणूस आता स्वतःची शेती करू लागला, भाजी विकू लागला, फेरी मारू लागला. गोऱ्या वसाहतदारांना हे सहन झाले नाही. १८९५ साली नाताळने कायदा केला : करार संपल्यावर परत जायचे नसेल आणि पुन्हा करारात शिरायचे नसेल, तर वर्षाला ३ पौंड कर भरा. म्हणजे पहिल्या वर्षीच्या हिशेबाने सहा महिन्यांचा पगार. हा कर कशावर होता? जमिनीवर नाही, मालावर नाही. मोकळे राहण्यावर होता. तो रद्द व्हायला १९१४ साल उजाडले.

दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, नाताळने दुसरा कायदा केला. स्वतःच्या खर्चाने येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवावा लागेल. गिरमिटियांना हा कायदा लागू नव्हता, कारण त्यांची गरज होती. कायद्यात 'भारतीय' हा शब्दही नव्हता. वंशाचे नाव न घेता वंश गाळण्याची ही युक्ती इतकी सोयीची ठरली की १९०१ साली ऑस्ट्रेलियाने तीच श्रुतलेखनाच्या रूपात उचलली.

आपल्याला ही युक्ती ओळखीची वाटायला हवी. ज्या समाजाला शाळेच्या दाराबाहेर बसवले, त्याला नंतर सांगायचे की जातीचे आम्हाला काही देणेघेणे नाही, फक्त लिहून दाखवा.

मजुराला बंदी, व्यावसायिकाला अपवाद

अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांना बंदी घातली. पण व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक आणि प्रवासी यांना त्यातून वगळले. १९१७ साली अमेरिकेने आशियाचा फार मोठा भाग 'प्रतिबंधित क्षेत्र' म्हणून जाहीर केला, त्यात भारतही आला. इथेही अपवादांची यादी होती : वकील, डॉक्टर, रसायनतज्ज्ञ, इंजिनिअर, शिक्षक, विद्यार्थी, लेखक, कलावंत, व्यापारी.

ही यादी सावकाश वाचा. आजच्या 'कुशल व्यावसायिक' व्हिसाची ही पणजी आहे. वरवर पाहता ही वर्गाची यादी आहे. पण १९१७ सालच्या भारतात वकील, डॉक्टर, इंजिनिअर, व्यापारी कोण होते? अमेरिकन संसदेला आपली जातव्यवस्था माहीत असायची गरजच नव्हती. तिने व्यवसायाची चाळणी लावली आणि जातीची चाळणी आपोआप लागली.

आणि जिथे संधी मिळाली तिथे आपल्या सवर्ण बांधवांनी जात उघडपणे पुढेही केली. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. नागरिकत्वासाठी त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा नागरिकत्व 'गोऱ्या' माणसांना मिळत असे. थिंद यांच्या बाजूने मांडणी अशी झाली की ते उच्च जातीचे हिंदू आहेत, आर्य वंशाचे आहेत आणि जातीच्या नियमांमुळे त्यांचे रक्त मूळ रहिवाशांत मिसळलेले नाही. म्हणजे अस्पृश्यता पाळल्याचा दाखला गोरेपणाचा पुरावा म्हणून दिला गेला. १९२३ साली न्यायालयाने हा दावा फेटाळला आणि आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्याची मोहीम सुरू झाली. त्या माणसांवर झालेला अन्याय खराच होता. पण वंशवादाशी लढताना जातीची ढाल पुढे करणे ही त्या लढ्याची लाजिरवाणी बाजूही तितकीच खरी आहे.

त्याच १९२३ साली बाबासाहेब लंडनहून बॅरिस्टर होऊन मुंबईला परतले आणि त्यांनी स्वतंत्र वकिली सुरू केली. सॉलिसिटर त्यांच्याकडे कामे द्यायला तयार नसत. एकीकडे जातीचा दाखला परदेशात भांडवल म्हणून वापरला जात होता, दुसरीकडे तोच दाखला मायदेशात ग्राहक तोडत होता.

स्वतंत्र भारताचा पासपोर्ट

कोणी म्हणेल, हे सगळे साम्राज्यशाहीचे पाप. इंग्रज गेले, प्रश्न मिटला. तसे झाले नाही.

१९४७ नंतर वीस वर्षे भारतात पासपोर्ट हा हक्क नव्हता. तो सरकारच्या मर्जीचा भाग होता. इतिहासकार कलात्मिका नटराजन यांनी या काळातल्या सरकारी कागदपत्रांचा अभ्यास करून दाखवले आहे की मजूर, फेरीवाले, 'खालच्या' समजल्या जाणाऱ्या जातींतली माणसे परदेशात गेली तर देशाची प्रतिष्ठा जाईल, ही भीती पासपोर्टच्या धोरणात खोलवर होती. गिरमिटियाची आठवण पुसायची होती आणि त्यासाठी गिरमिटियासारखा दिसणारा माणूसच घरी ठेवायचा होता.

१९६७ साली सतवंतसिंग साहनी या आयात-निर्यातीच्या व्यापाऱ्याने पासपोर्ट परत मागण्याच्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतो, असे न्यायालयाने बहुमताने सांगितले. त्यातूनच त्या वर्षीचा पासपोर्ट कायदा आला. स्वतःचा धंदा करणाऱ्या एका माणसाने बाबासाहेबांच्या संविधानाच्या आधारे सर्वांसाठी दार उघडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पण १९८३ च्या परदेशगमन कायद्याने पुन्हा दोन रांगा केल्या. दहावी पास नसलेल्या माणसाला आखाती देशांसह काही ठरावीक देशांत नोकरीला जायचे तर सरकारची वेगळी मंजुरी लागते. उद्देश संरक्षणाचा सांगितला जातो आणि फसवणुकीचे प्रमाण पाहता संरक्षणाची गरज आहेच. पण जानेवारी २०१८ मध्ये सरकारने अशा माणसांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा संरक्षण आणि शिक्का यांतला फरक उघड झाला. देशभर टीका झाली आणि महिना संपण्याआधी तो मागे घ्यावा लागला. गळ्यात मडके, कमरेला झाडू या इतिहासातून आलेल्या समाजाला कपाळावरच्या शिक्क्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

व्हिसा कोणाच्या खिशात?

अमेरिकेने १९५२ च्या कायद्यात 'एच-१' हा वर्ग आणला आणि १९९० च्या कायद्याने त्यातून आजचा एच-१बी घडवला. वर्षाला ६५,००० ची मर्यादा, अमेरिकेतून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. या व्हिसाचा अर्ज कामगार करत नाही, मालक करतो. नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत दुसरा मालक शोधायचा किंवा बॅग भरायची. आखातातली कफाला पद्धत याहून कठोर. तिथे राहण्याचा परवानाच मालकाच्या नावाशी जोडलेला. कतारने २०२० मध्ये आणि सौदी अरेबियाने २०२१ मध्ये तिच्यात सुधारणा केल्या, पण मालक आणि परवाना यांची गाठ सुटलेली नाही.

एच-१बीवरचा इंजिनिअर आणि आखातातला गवंडी यांच्या पगारात जमीनअस्मानाचा फरक आहे, हे मान्य. पण दोघांचाही व्हिसा मालकाच्या खिशात आहे. आणि मालकाच्या किंवा मॅनेजरच्या डोक्यात जात असेल तर? २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या विभागाने एका बड्या तंत्रज्ञान कंपनीतल्या दलित इंजिनिअरवरील भेदभावाबद्दल दावा दाखल केला. २०२१ साली न्यू जर्सीतल्या एका मोठ्या मंदिराच्या बांधकामावर दलित कामगारांना धार्मिक कार्यकर्त्यांच्या व्हिसावर आणून तुटपुंज्या मजुरीवर राबवल्याचा दावा झाला. संबंधित संस्थेने आरोप नाकारले. या दाव्यांचे पुढे काय झाले हा कोर्टाचा भाग. आपला मुद्दा वेगळा आहे : ज्याचा देशात राहण्याचा हक्कच मालकावर अवलंबून आहे, तो तक्रार कशी करणार? फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीय भेदभावाला बंदी घातली, ती आपल्या कार्यकर्त्यांच्या कष्टाची कमाई. पण कायदा हातात असूनही तक्रारीची किंमत व्हिसा असेल, तर तो कायदा पोथीतच राहतो.

इथे महार वतन आठवले पाहिजे. वतन म्हणजे जमिनीचा तुकडा, पण त्याच्या बदल्यात गावाला आणि सरकारला हवे तेव्हा, हवे ते काम. ग्राहक निवडायचा नाही, दर ठरवायचा नाही, 'नाही' म्हणायचे नाही. आपल्याच समाजातल्या अनेकांना वतन सोडणे धोक्याचे वाटत असताना बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यांचे भांडण केवळ कमी मोबदल्याशी नव्हते, बांधले जाण्याशी होते. वतनांच्या निर्मूलनाचा कायदा व्हायला १९५८ उजाडले. म्हणून स्वतंत्र व्यावसायिकाचा व्हिसा हा फक्त लॅपटॉपवाल्या मध्यमवर्गाचा विषय आहे, असे मी मानत नाही. काम कोणाचे करायचे आणि कोणाचे नाकारायचे हे ठरवण्याचा हक्क हा आपल्या चळवळीचा जुना विषय आहे.

मोकळ्यांसाठी आज कोणती दारे आहेत?

अमेरिकेत फ्रीलान्सरसाठी असा वेगळा व्हिसाच नाही. व्यापार आणि गुंतवणुकीसाठीचे 'ई' वर्गाचे व्हिसा ज्या देशांशी करार आहे त्यांच्याच नागरिकांना मिळतात. पाकिस्तानशी असा करार आहे, भारताशी नाही. जानेवारी २०२५ पासून स्वतःच्या मालकीच्या कंपनीमार्फत एच-१बी मागण्याची वाट नियमात स्पष्ट केली गेली, पहिल्या वेळी १८ महिन्यांसाठी. पण सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरची रक्कम लादली गेली. मोकळे राहण्यावरचा कर नाताळबरोबर संपला असे ज्यांना वाटत होते, त्यांनी हा आकडा पाहावा.

ब्रिटनने २००२ साली उच्चकुशल स्थलांतरितांसाठी गुणांवर आधारलेली योजना आणली. नोकरी हातात नसताना जाता येई, स्वतःचा व्यवसाय करता येई. गुण कशाला होते? पदवीला आणि आधीच्या कमाईला. २००६ मध्ये आधीच गेलेल्यांसाठीही नियम बदलले, लोक संघटित झाले आणि २००८ मध्ये उच्च न्यायालयात जिंकले. पण २०११ पर्यंत तो मार्गच नव्या लोकांना बंद झाला. २०२२ साली जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदवीधरांसाठी नवा व्हिसा आला. त्याच्या पहिल्या यादीत भारतातले एकही विद्यापीठ नव्हते.

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्यांसाठी मात्र एक महत्त्वाचे दार आहे. शिक्षणानंतरच्या 'ग्रॅज्युएट' व्हिसावर स्वयंरोजगार करता येतो. मुदत दोन वर्षे, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिने. पण इथे आपल्या मुलांनी एक अट नीट वाचली पाहिजे. ज्याची फी आणि राहण्याचा खर्च सरकारने किंवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संस्थेने केला, त्याला शेवटच्या १२ महिन्यांत असे प्रायोजन असल्यास त्या प्रायोजकाचे लेखी संमतिपत्र लागते. बापाच्या पैशाने शिकलेल्याला हे पत्र लागत नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर गेलेल्या आपल्या मुलांसमोर मात्र हा प्रश्न येतो. म्हणून शिष्यवृत्तीचे बंधपत्र आणि ही अट, दोन्ही जाण्याआधी शेजारी शेजारी ठेवून वाचा.

जर्मनीचा २००५ पासूनचा निवास कायदा सर्वांत समजण्यासारखा आहे. त्याच्या २१ व्या कलमात स्वयंरोजगाराचा परवाना आहे. सुरुवातीला धंदा काढणाऱ्याकडून १० लाख युरो आणि १० रोजगार अपेक्षित असत. हे आकडे कमी होत होत २०१२ मध्ये काढून टाकले गेले. स्वतंत्र व्यावसायिकांसाठी, म्हणजे लेखक, अनुवादक, इंजिनिअर, सल्लागार अशांसाठी, वेगळी तरतूद आहे. खर्च भागवण्याची सोय, व्यवसायाला लागणारा परवाना आणि ४५ वर्षांवरील अर्जदाराला म्हातारपणाची तजवीज दाखवावी लागते. ग्राहकांची हेतुपत्रे जोडली तर अर्जाला वजन येते. जर्मन विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना आपल्या विषयातला स्वतंत्र व्यवसाय सुरू करण्यासाठी त्यात आणखी सोपी वाट आहे.

नेदरलँड्समध्ये भारतीयाला गुणांची परीक्षा द्यावी लागते. अनुभव, व्यवसाय आराखडा आणि देशाला होणारा फायदा, अशा तीन भागांत प्रत्येकी किमान ३० गुण. अमेरिकन नागरिक मात्र १९५६ च्या मैत्री करारामुळे ही परीक्षा टाळतो, त्याला धंद्यात ४,५०० युरो गुंतवणे पुरते. तोच लॅपटॉप, तेच काम, तोच ग्राहक, फरक फक्त जन्माचा. जन्मावरून ठरणाऱ्या पात्रतेला आपल्या भाषेत काय म्हणतात ते वेगळे सांगायला नको.

२०२० नंतर 'डिजिटल भटक्यां'चे व्हिसा आले. एस्टोनियाने सुरुवातीला महिन्याला ३,५०४ युरो उत्पन्न मागितले. स्पेन तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट मागतो, पण पदवी नसेल तर तीन वर्षांचा अनुभव चालतो, ही आपल्या कामाची गोष्ट. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ मध्ये फ्रीलान्सरसाठी पाच वर्षांचा 'ग्रीन' व्हिसा दिला. त्याला फ्रीलान्स परवाना, पदवी किंवा विशेष पदविका आणि मागच्या दोन वर्षांत ३,६०,००० दिरहम उत्पन्न लागते. ज्या भूमीत आपल्या गावचा गवंडी मालकाच्या नावावर राहतो, त्याच भूमीत मोकळेपणाची किंमत आकड्यात लिहून ठेवली आहे.

आपल्या देशातही एक पिढी भटकी होती. तिला 'गुन्हेगार जमाती' म्हणून १८७१ च्या कायद्याखाली पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागे. आता पैसेवाला भटकला तर राष्ट्रे त्याला पायघड्या घालतात.

संस्कृतीच्या नावाने कोटा

व्यापार करारांतही हा विषय आहे. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा करारात माणसाने स्वतः जाऊन सेवा देणे हा चौथा प्रकार आहे आणि भारत 'स्वतंत्र व्यावसायिकां'साठी तिथे सतत मागणी करत आला. श्रीमंत देशांनी दिलेले दार अरुंद आहे. २०२० च्या युरोपीय संघ आणि ब्रिटन यांच्या करारात तर एकमेकांच्या स्वतंत्र व्यावसायिकालाही साधारणपणे पदवी आणि सहा वर्षांचा अनुभव हवा.

जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात मुक्त व्यापार करार झाला. त्यात आचारी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार यांच्यासाठी वर्षाला १,८०० जागांचा उल्लेख आहे. ऑस्ट्रेलियाबरोबरच्या २०२२ च्या करारातही आचारी आणि योगशिक्षकांसाठी १,८०० जागा आहेत. भारतीय माणसाला बाहेर संधी मिळते आहे, ते चांगलेच. पण 'भारतीय संस्कृती' म्हणून कोणत्या कला निवडल्या गेल्या? शास्त्रीय संगीत आहे, मग हलगी, ढोलकी, शाहिरी का नाही? योग आहे, मग चामड्याचे काम करणारा कारागीर का नाही? वाटाघाटीच्या टेबलावर आपला माणूस नसला की आपले कसब यादीत येत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल : व्हिसाच्या अर्जात जातीचा रकानाच नाही, सवर्णही रांगेत उभे असतात. खरे आहे. नाताळच्या अर्जातही वंशाचा रकाना नव्हता. मागच्या वर्षांची कमाई, बँकेतली शिल्लक, नामांकित विद्यापीठ, ग्राहकांची पत्रे, हे रकाने पुरेसे आहेत. ज्याच्या आजोबाच्या नावावर घर होते, ज्याचा मामा लंडनमध्ये आहे, त्याच्यासाठी हे कागद असतात. पहिल्या पिढीतल्या पदवीधरासाठी ते डोंगर असतात.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो : बाबासाहेब परत आले, तुम्ही मात्र जाण्याचे शिकवता. बाबासाहेब परत आले हा त्यांचा निर्णय होता, म्हणूनच तो मोठा ठरतो. जाणे आणि परत येणे या दोन्ही गोष्टी माणसाच्या मर्जीने व्हाव्यात. शिवाय सिएटलचा कायदा परदेशात राहणाऱ्या आपल्याच माणसांच्या लढ्यातून आला, हे विसरून चालणार नाही.

मग करायचे काय?

तरुणांनी आजपासून कागद जमवावेत. परदेशी ग्राहकासाठी घरी बसून काम करायला व्हिसा लागत नाही, तिथून सुरुवात करा. प्रत्येक कामाचा लेखी करार ठेवा, पैसे बँकेतूनच घ्या, आयकर विवरणपत्र वेळेवर भरा. निर्यात केलेल्या सेवेवर जीएसटी शून्य दराने लागतो, त्याचे हमीपत्र समजून घ्या. दोनतीन वर्षांचे हे कागद म्हणजे उद्याच्या अर्जातले गुण. व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर बैठका आणि बोलणी करता येतात, तिथे बसून काम करणे हा अनेक देशांत नियमभंग आहे. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. अर्ज करण्याआधी त्या देशाच्या दूतावासाचे ताजे नियम स्वतः वाचा.

चळवळीने त्याहून मोठे काम हाती घ्यावे. बाबासाहेबांचे ग्राहक तुटले, कारण ग्राहक देणारे जाळे दुसऱ्यांचे होते. आपल्या लोकांची अशी जाळी हवीत : जर्मनीत गेलेली मुलगी नांदेडच्या मुलाला पहिला ग्राहक मिळवून देईल, अनुभवी सल्लागार नवख्याचा व्यवसाय आराखडा तपासेल. शिष्यवृत्तीधारकांना शिक्षणानंतर ठरावीक काळ परदेशात अनुभव घेण्याचे संमतिपत्र वेळेत आणि लेखी मिळावे, ही मागणी राज्य आणि केंद्र दोन्हीकडे लावून धरावी. व्यापार करारांच्या यादीत कोणती कौशल्ये जातात, यावर आपल्या खासदारांनी संसदेत प्रश्न विचारावेत. आणि गवंड्याचा व्हिसा मालकाच्या खिशातून सुटावा यासाठी कन्सल्टंटनेही बोलावे, कारण बांधलेला आणि मोकळा यांच्यात भिंत उभी राहिली की तिचा फायदा मालकालाच होतो.

जय भीम.